टोरवा लावा, दवाखान्यात धावा

४ मार्च

आज ठकीच्या सायकलला नवा फोर्क बसवला आणि दुपारच्या आत माझी अब्रू गेली.

नीट क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं जरा थंड होईल. ठकी माझी लेक, सतरा वर्षांची. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहायची म्हणून ठकी म्हणायला लागलो, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. डोंगरावरून सायकल खाली हाणायचं तिला वेड आहे. मे महिन्यात खाणीच्या डोंगरावर शर्यत आहे आणि तिचा जुना फोर्क तेल गाळायला लागला होता. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय. त्यांच्या पोटात हवा आणि तेल असतं. खड्डा आला की आधी तो हे पाय गिळतात, उरलासुरला आपल्या मनगटांना मिळतो.

मिशीवाल्याच्या सायकलच्या दुकानात गेलो. वरच्या फळीवर नावाजलेले फोर्क, दिवे लावून मांडलेले. खालच्या फळीवर, टायरांच्या मागे, टोरवा कंपनीच्या फोर्कचं खोकं. मी ते ओढलं तसा मिशीवाला हळूच म्हणाला, "काका, तो नका घेऊ."

"का? तुटतो?"

"आता नाही तुटत. पूर्वी तुटायचा. आता लोक हसतात."

हसण्याने चाक निखळल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मी त्याच्याच टेबलावर फोर्क उघडून पाहिला. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. नळीवर बोट फिरवलं की ती कोणी मन लावून घासली आहे का उरकली आहे ते कळतं. ही मन लावून घासलेली होती. किंमत नावाजलेल्याच्या पाव. घेतला.

संध्याकाळपर्यंत वाट बघायची तर ठकीने लगेच सायकलीचा फोटो ‘चाकोरी’वर टाकला. चाकोरी म्हणजे इथल्या डोंगरी सायकलवाल्यांचा फोनवरचा कट्टा. पहिलाच अभिप्राय वकिलांचा. गृहस्थ खरोखरच वकील आहेत, क्लबचे अध्यक्ष आहेत, आणि त्यांच्या फोर्कच्या किमतीत आमच्या घरचं सगळं फर्निचर नवं होईल. त्यांनी लिहिलं: टोरवा लावा, दवाखान्यात धावा.

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. त्यात एक तोंड मिशीवाल्याचंही होतं.

६ मार्च

ती ओळ डोक्यातून जात नाही. यमक आहे ना, म्हणून. लिफ्टच्या टपावर उभा राहून दोराला ग्रीस लावतोय आणि मनात चाललंय, लावा, धावा, लावा, धावा.

जोडीदाराला सांगितलं. जोडीदार म्हणजे कामावरचा. आम्ही एकाच दोराला लोंबकळून म्हातारे होत चाललोय. तो म्हणाला, "तुझ्या लेकीला कोणी नावं ठेवली का?"

"नाही."

"तुला?"

"नाही, तसं नाही."

"लोखंडाला ठेवली. मग लोखंड रडलं का?"

त्याला मुलं नाहीत. त्याला नाही कळायचं.

९ मार्च

आज चाकोरीवर मी पहिल्यांदा लिहिलं. मोठं झालं जरा. मुद्दा असा: टोरवाने पूर्वी बाजारातल्या स्वस्त सायकलींना नुसत्या स्प्रिंगचे फोर्क पुरवले, त्यांच्यावर ‘उडी मारू नये’ अशी चिठ्ठी असायची, लोकांनी उड्या मारल्या, फोर्क मोडले. कबूल. पण आताचा फोर्क वेगळा, नळ्या वेगळ्या, आतली रचना वेगळी. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलंच, असं किती दिवस चालणार? शेवटी विचारलं, तुमच्यापैकी कोणी गेल्या दोन वर्षांत टोरवा चालवून पाहिलाय का?

वकिलांचं उत्तर आलं: "विष चाखून बघायचं नसतं."

तेवढ्यात ठकी डोंगरावरून आली. तोंडभर माती, फक्त चष्म्याची जागा पांढरी. मी विचारलं, "कसा आहे फोर्क?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे?"

"म्हणजे चांगला. बाबा, तिसऱ्या वळणावर आज मी ब्रेकच लावला नाही! एकदम..."

"तिथे फोर्क फार खाली बसला का? परत वर यायला वेळ लावतो का?"

ती म्हणाली, "अंघोळ करते." पोरांना तपशिलाची आवड नाही. सगळं ‘चांगलं’ नाहीतर ‘भारी’.

१५ मार्च

झोप नीट लागत नव्हती, म्हणून शेवटी प्रयोग केला. एका जुन्या हॉटेलची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे. लिफ्टच्या खाली खड्डा असतो, तिथे दणका सोसायला जाड स्प्रिंगा असतात. त्या काढलेल्याच होत्या. तिथे ठकीच्या सायकलीचा टोरवा काढून नेऊन उभा केला आणि वरून वाळूचं पोतं सोडलं. मग मिशीवाल्याकडून हातापाया पडून आणलेला नावाजलेला फोर्क उभा केला, त्यावरही सोडलं. जोडीदार वर, मी खाली. पोत्यामागून पोतं. हॉटेलचा रखवालदार धावत आला, त्याला वाटलं इमारत चालली.

दोन्ही फोर्क जवळजवळ सारखे बसले, सारखे उठले. उगाच सांगत नाही, खडूच्या खुणा आहेत. घरी आलो तेव्हा केसांत वाळू, कानांत वाळू. बायको म्हणाली, "समुद्रावर गेला होतात का?" फोटो काढून सगळं चाकोरीवर टाकलं.

उत्तर आलं: "लिफ्टवाले, वाळूचं पोतं वळण घेत नाही."

हे खरं आहे. म्हणून जास्त झोंबलं. आता सगळे मला लिफ्टवाले म्हणतात.

१६ मार्च

कोणीही माफी मागितलेली नाही.

२२ मार्च

आज वाईट झालं. दूरच्या कुठल्या तरी गावातल्या एकाने मोडलेल्या टोरवाचा फोटो टाकला. उजवा पाय मुळापासून उपटलेला. चाळीस जणांनी तो मला पाठवला, जणू मीच कारखान्याचा मालक. चालवणाऱ्याचं काय झालं ते कोणीच लिहिलं नाही. मीही विचारलं नाही, आत्ता लिहिताना लक्षात आलं.

मी लगेच उत्तर दिलं: हा जुना प्रकार दिसतोय, आणि बोल्ट जास्त आवळलाय. मग उठून ठकीच्या सायकलीकडे गेलो, फोर्क काढला, पूर्ण उघडला. एकेक नळी उजेडात धरून पाहिली. कुठे केसाएवढी चीर नाही. तरी समाधान होईना.

बायको कामावरून आली. ती दवाखान्यात एक्स-रे काढते. स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर पसरलेले सुटे भाग बघून तिने पर्स खांद्यावरून उतरवलीच नाही.

"सायकल कुठाय?"

"हीच की."

"आणि ती उद्या काय चालवणार?"

"उद्या राहू दे. आधी मला खात्री करू दे."

ती म्हणाली, "अहो, खात्री तुम्हाला कशाची करायचीय?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. प्रश्न विचारून आत जायची तिची सवय जुनी आहे.

२९ मार्च

नळीतलं तेल अडवणारं रबरी सील फाटलं. माझ्याच हातून, बसवताना. नवं मागवलंय. ठकी म्हणाली, "शनिवारी सराव आहे." म्हटलं, शनिवारच्या आत तयार.

२ एप्रिल

आलेलं सील एक माप मोठं निघालं. परत मागवलं. मधल्या काळात नळ्यांना पॉलिश केलं, दिसतात अशा की कोणी नाव वाचल्याशिवाय ओळखणार नाही. हे चाकोरीवर लिहिलं. वकिलांनी लिहिलं, "गाढवाला पॉलिश."

५ एप्रिल

ठकी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते सांगून सकाळी गेली. दुपारी चाकोरी उघडली तर डोंगरावरच्या सरावाचे फोटो, आणि त्यात ठकी. दुसऱ्याच कोणाच्या सायकलीवर. काळा, चकचकीत, नावाजलेला फोर्क. फोटो वकिलांनी टाकला होता. सायकलही त्यांचीच, घरातली जादा. खाली लिहिलं होतं, "आमच्या क्लबची धाडसी मुलगी. आज हसली."

पायऱ्यांवर जाऊन बसलो.

ती आली. मी शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. "सगळ्या जगातून त्याचीच सायकल मिळाली तुला?"

"त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं."

"मी इथे तुझ्यासाठी रोज..."

"माझ्यासाठी?" तिने हेल्मेट टेबलावर आदळलं. "बाबा, मला सायकल हवी होती. फोर्क तुम्हाला हवा होता."

आणि रडायला लागली. मी म्हटलं, फोर्कशिवाय सायकल कशी असेल? ती आणखीच रडली. बायको मधे आली, तिला आत घेऊन गेली. मी हेल्मेट पुसून जागेवर ठेवलं.

ते वाक्य मी इथे जसंच्या तसं उतरवलंय, कारण मला त्याचा अर्थ नीट लागलेला नाही.

८ एप्रिल

सील आलं. बसलं. फोर्क जोडला, सायकल उभी केली, ठकीच्या दारात टेकवून ठेवली. संध्याकाळी पाहिलं तर जागेवर नव्हती. म्हणजे नेली.

बायको आज उशिरा आली. जेवायला बसलो. मग म्हणाली, "खाणीच्या डोंगरावरून पडलेला एक जण आला होता आज. गळ्याजवळचं हाड मोडलंय."

मी घास टाकला. "कोण? फोर्क कोणता होता?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच तोंड कुठे ठेवावं कळेना. "कोण ते मी घरी सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि फोटोत हाड दिसतं. फोर्कची कंपनी दिसत नाही."

थोड्या वेळाने, भांडी ठेवता ठेवता, पाठमोरी म्हणाली, "प्रत्येक वेळी दार ढकलून पेशंटची चाकांची खुर्ची आत येते ना, तेव्हा मी आधी बूट बघते. तिचे नाहीत ना ते."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, म्हणूनच तर मी फोर्क इतका तपासतो. ती म्हणाली, "हो का," आणि नळ मोठा सोडला.

१२ एप्रिल

आनंदाची बातमी. वकिलांनी शर्यतीसाठी आपली जादा सायकल ठकीला देऊ केली होती, तिने नको सांगितलं. टोरवाच चालवणार!

मी विचारलं, "का बरं? फरक जाणवला ना?"

ती बुटाच्या तळव्यातली माती काडीने काढत होती. "तुम्ही झोपला नसतात, म्हणून."

विनोदी आहे पोरगी. मी चाकोरीवर लिहिलं: दोन्ही फोर्क चालवून पाहिल्यावर एका तरुण खेळाडूने विचारपूर्वक टोरवा निवडला. पहिल्यांदाच चार जणांनी अंगठा दिला. मिशीवाल्याने खासगीत कळवलं की दोन गिऱ्हाइकांनी टोरवाची चौकशी केली आणि त्याने खोकं मधल्या फळीवर आणलंय.

मधल्या फळीवर! मी जोडीदाराला लगेच फोन केला. तो म्हणाला, "छान. वंगण संपलंय, येताना आण."

२० एप्रिल

टोरवा कंपनीतून फोन आला. मी आधी चेष्टा समजलो. पण माणूस खरा होता, सभ्य होता, माझं वाळूच्या पोत्याचं लिखाण त्याने वाचलं होतं. म्हणाला, आमच्याबद्दल चांगलं बोलणारे लोक असतात, पण हळू आवाजात बोलतात. तुम्ही मोठ्याने बोललात. शर्यतीच्या दिवशी ते तंबू लावणार आहेत. मला भेटायचंय म्हणाला.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्या दिवशी ठकीची शर्यत आहे."

"तिथेच तर तंबू आहे!"

३ मे

उद्या. सकाळपासून तीन वेळा बोल्ट तपासले. चौथ्यांदा गेलो तर ठकीने माझ्या हातातून पाना काढून घेतला. रागाने नाही. माझी बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या हातातून काही काढतात तशी. म्हणाली, "बाबा, झालंय ते. आता मला भीती वाटतेय, जरा बसा ना इथे."

मी बसलो. म्हटलं, भिऊ नकोस, मी प्रत्येक नळी बघितली आहे. ती म्हणाली, बरं.

४ मे

सगळं लिहायचं. वगळायचं नाही.

खाणीचा डोंगर माणसांनी फुललेला. वरून एकेक खेळाडू सोडतात आणि घड्याळ लावतात. मुलींची पाळी दुपारच्या सुट्टीनंतर होती. शेवटाच्या जरा आधी एक कडा आहे, दगडाची उघडी पायरी, माणसापेक्षा उंच. त्यावरून थेट उडी मारता येते, किंवा बाजूच्या वाटेने वळसा घेता येतो. वेळ जातो, पण हाडं राहतात. मुली बहुतेक सगळ्या वळसाच घेतात, असं लोक सांगत होते. बायको कड्याच्या खाली जागा धरून उभी राहिली. मी म्हटलं, कंपनीच्या माणसाला भेटून येतो, सुट्टी संपायच्या आत परत.

तंबूत जनरेटर घरघरत होता. कंपनीचा माणूस मला पाहून खुर्चीवरून उठला. उठला! लिफ्टवाल्यासाठी कोणी उठत नाही, लोक फक्त लिफ्ट बंद का आहे ते विचारतात. त्याने माझे प्रयोगाचे फोटो बघायला मागितले, मी फोन त्याच्या हातात दिला. तेवढ्यात वकील आले. गळ्यात हात बांधलेला. मला एकदम कळलं की बायकोच्या दवाखान्यात कोण आलं होतं, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, झाला.

मी म्हटलं, "काय वकीलसाहेब, नावाजलेला फोर्क होता ना?"

"फोर्कचा दोष नव्हता," ते म्हणाले. "माझा होता. ब्रेक उशिरा दाबला."

"मग टोरवा मोडला की दोष टोरवाचा, आणि तुमचा मोडला... म्हणजे तुम्ही मोडलात की दोष तुमचा?"

आजूबाजूचे हसले. यावेळी माझ्या बाजूने. वकील चिडले, म्हणाले नळीची जाडी सांगा. मी सांगितली. तेलाचं विचारलं, तेही सांगितलं. माणसं गोळा झाली. मी असा कधी बोललो नव्हतो. मधेच कंपनीचा माणूस म्हणाला, "तुमचा फोन वाजतोय, ‘घर’ म्हणून."

मी म्हटलं, "वाजू द्या."

थोड्या वेळाने पुन्हा वाजला. मी हातानेच थांबा अशी खूण केली.

मग डोंगराकडून आवाज आला. मोठा. शेकडो माणसं एकदम ओरडतात तसा. मी वकिलांना म्हणालो, "ऐका, पडलं कोणीतरी. विचारा जाऊन फोर्क कोणता होता."

ते वाक्य मीच बोललो. लिहिताना पेन जड झालंय.

ढग आले म्हणून त्यांनी दुपारची सुट्टी रद्द केली होती. मुलींना आधी सोडलं. भोंग्यावर सांगितलं होतं म्हणे, तंबूत जनरेटरपुढे ऐकू आलं नाही. तो आवाज ठकीचा होता. म्हणजे लोकांचा, पण ठकीसाठी. आज मुलींमधून फक्त तिने कड्यावरून उडी मारली.

मी पोचलो तेव्हा ती शेवटच्या रेषेपलीकडे सायकलला टेकून पाणी पीत होती. चौथी आली. बायकोने तिचं हेल्मेट पोटाशी धरलं होतं आणि तिचे डोळे लाल होते.

"दिसली का उडी?" ठकीने विचारलं.

मी हो म्हणू शकलो असतो. "नाही," म्हटलं. "तंबूत होतो."

"अच्छा," ती म्हणाली. तिने बाटलीचं झाकण लावलं. फार नीट लावलं.

मी बायकोला विचारलं, "फोटो? व्हिडिओ काढलास ना?"

"रोज फोटोच काढते मी," ती म्हणाली. "आज बघत होते."

मागून कंपनीचा माणूस धापा टाकत आला, माझा फोन परत द्यायला. म्हणाला, अभिनंदन, कमाल झाली, फोर्क हातात धरून मुलीचा एक फोटो घेऊ या? ठकी माझ्याकडे बघत राहिली. मी फोन खिशात घातला. तिने मग स्वतःच सायकल उचलली आणि गाडीकडे गेली.

५ मे

कामावर गेलो. जोडीदाराने विचारलं, कशी झाली? मी म्हटलं, मला माहीत नाही. त्याने दिवसभर एकही विनोद केला नाही.

८ मे

चाकोरीवर लिहिलं: रविवारची ठकीची उडी कोणी टिपली असेल तर कृपया पाठवावी. मी पाहिलेली नाही.

दोन तास काहीच आलं नाही. मला वाटलं आता हसतील. मग एकेक जण लिहू लागला. व्हिडिओ कोणाकडेच नीट नव्हता, एकाकडे होता त्यात नुसतं आभाळ आणि किंकाळ्या. पण लिहिलं सगळ्यांनी. एक म्हणाला, कड्याच्या आधी तिने पेडल थांबवलं तेव्हा वाटलं वळसा घेणार. दुसऱ्याने लिहिलं, सायकल हवेत तिरकी झाली होती, तिने गुडघ्याने सरळ केली. एका बाईने लिहिलं, "काका, ती हवेत हसत होती. मी अगदी समोर होते." मिशीवाल्याने लिहिलं, माझ्या हातातला चहा सांडला. वकिलांनी एका हाताने टाइप केलं असावं, खूप चुका होत्या: मलाही दिसली नाही, लिफ्टवाले. तुमच्याशी भांडत होतो.

पूर्ण दोनदा वाचलं. मग लक्षात आलं, एवढ्या सगळ्यात फोर्कचं नाव कोणीच काढलं नव्हतं.

कंपनीच्या माणसाचा फोन आला, फोटोचं काय ठरलं म्हणून. मी फोन ठकीला दिला. ती म्हणाली, "मी फोर्क धरून उभी नाही राहणार. चालवतानाचा काढायचा तर डोंगरावर या." तो म्हणाला कळवतो.

१० मे

दुपारची सुट्टी टाकली आणि एकटाच खाणीच्या डोंगरावर गेलो. चढताना दम लागला, दोनदा बसलो. शर्यतीचे झेंडे गेलेत, नुसती वाट उरली आहे.

कड्यावर जाऊन उभा राहिलो. मी रोज लिफ्टच्या टपावर उभा असतो, खाली सगळे मजले मोकळे, आणि बोलत बोलत चहा पितो. इथे दोन पावलं मागे आलो. कारण कड्याच्या टोकाला गेलं तरी खाली उतरायची जागा दिसत नाही. दगड पुढे आलाय. शेवटी पालथा पडलो आणि डोकं बाहेर काढून पाहिलं. तरी पूर्ण नाही दिसली. म्हणजे तिलाही दिसली नसणार. चाक सुटल्यावरच दिसणार.

बराच वेळ तसाच पडून राहिलो. छातीखालचा दगड गरम होता.

दोन सायकलवाले आले, "काका, सरका," म्हणाले आणि वळशाने गेले. त्यातला एक थांबला. "तुम्ही लिफ्टवाले ना? मी टोरवा घ्यायच्या विचारात आहे. कसा आहे?"

याच प्रश्नासाठी मी दोन महिने तयारी केली होती. मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "मी चालवलेला नाही."

त्याला वाटलं चेष्टा करतोय.

घरी आलो तर ठकी मागच्या दारी ब्रशने साखळी धूत होती. मी बाजूला बसलो. म्हटलं, "त्या कड्यावरून खालचं काहीच दिसत नाही."

ब्रश थांबला. "तुम्ही गेला होतात?"

"पालथा पडून पाहिलं. तरी नाही दिसत."

"पालथे?" ती हसायला लागली, माझ्या शर्टावरची माती बघून आणखीच. मग सांगायला लागली. खाली बघायचंच नसतं. समोरच्या टेकडीवर एक वठलेलं झाड आहे, चाक त्याच्यावर धरायचं. पेडल थांबवलं तेव्हा ती वळसाच घेणार होती, खरंच, मग झाड दिसलं. "आणि बाबा, चाकांचा आवाज असतो ना सारखा, तो एकदम बंद होतो. सगळं गप्प. मग आईचा आवाज आला." तिने हातांनी दाखवलं, गुडघ्यांनी दाखवलं, उठून अंगणभर वाकून दाखवलं. बायकोने जेवायला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ती स्वतः आली, चौकटीला टेकली आणि हाक मारायची राहून गेली.

फोर्कचं काढायचं नाही असं ठरवलं होतं. शेवटी विचारलंच. जित्याची खोड.

ठकी चिडली नाही. डोळे मिटून तिने मनापासून आठवून पाहिलं. "आठवत नाही, बाबा," म्हणाली. "हातात काही होतं असंच आठवत नाही."

हे कंपनीच्या माणसाला सांगितलं तर त्याला वाटेल मी नावं ठेवतोय. चाकोरीवरही नाही लिहिलं.

उद्या सकाळी ती सरावाला जाणार आहे. मी म्हटलं, मीही येऊ का, चालत, मागे मागे?

"या की," ती म्हणाली. "पण ते कामावरचे बूट नकोत. घसराल."